आधी लाइट बघा

‘नेट येत न्हाई’ एवढं एकच वाक्य घेऊन माणूस दुकानात येतो. लॅपटॉप काखेत, चार्जर पिशवीत आणि केबल घरी. केबल घरी राहणं जवळजवळ ठरलेलंच. त्याच्या लेखी बिघडला असेल तर लॅपटॉपच. केबल म्हणजे नुसती वायर, तिला काय धाड भरलीय? मी दुकानातली केबल लावतो आणि बऱ्याच वेळा नेट तिथंच सुरू होतं. मग गिऱ्हाईक माझ्याकडे संशयानं बघतं. ‘आवो, घरी का होत न्हाई मग?’ हा प्रश्न आला की समजायचं, शटर ओढून गाडी काढायची वेळ झाली.

वायफायच्या जमान्यात वायरला कोण विचारतं, असं पुण्यामुंबईचे पाहुणे म्हणतात. त्यांनी एकदा मंगळवेढ्याच्या जुन्या भागातल्या वाड्यात बसून बघावं. हात-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर पत्रा, आणि राउटर दिवाणखान्यात. मागच्या खोलीत वायफायच्या काड्या दिसतात, पण फॉर्म अपलोड करायला घेतला की चाक फिरत बसतं. म्हणून पतसंस्था, दवाखाने, ई-सेवा केंद्रं, शाळेच्या लॅब, अशा जिथं काम अडून चालत नाही तिथं अजून वायरच. आणि डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप कशाला, तर लाइट गेली तरी बॅटरीवर अर्धा-पाऊण तास निघतो. दक्षिण भागात हुलजंती, सलगर, नंदेश्वरकडे गेलं की हा हिशेब आणखी पक्का होतो.

माझी पद्धत साधी आहे. स्क्रीन उघडण्याआधी पोर्ट बघायचं. लॅन पोर्टाच्या कडेला बहुधा दोन बारीक एलईडी असतात. एक लागून राहतो, म्हणजे तारेच्या पलीकडे कुणीतरी जागं आहे. दुसरा लुकलुकतो, म्हणजे ये-जा चालू आहे. नव्या बारीक लॅपटॉपांत हे दिवे काढून टाकलेत, काहींत तर पोर्टच नाही. मग राउटरच्या पाठीमागं जाऊन बघावं लागतं. राउटर नेमका कपाटावर, देव्हाऱ्याच्या वर किंवा टीव्हीच्या मागं कोंबलेला असतो. तरीही तिथवर जायचंच. कारण दिवा लागत नसेल तर ड्रायव्हर, आयपी, सेटिंग याच्या नादी लागण्यात अर्थ नाही, आणि लागत असेल तर केबल ओढून-ताणून बघण्यात नाही. निम्मं काम त्या एका नजरेत होतं. दोष सापडला म्हणून नव्हे, तर तो कुठं नाही एवढं कळलं म्हणून. माझ्या धंद्यात शोधणं म्हणजे बहुतेक हेच: एकेकाला निर्दोष सोडत जायचं.

विंडोजही आपल्या परीनं सांगत असतं, फक्त लोक ते वाचत नाहीत. ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’, ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ आणि ‘नो इंटरनेट’ हे तिन्ही संदेश गिऱ्हाइकाला सारखेच वाटतात. तिघांचा अर्थ मात्र वेगळा. पहिल्यात तारेवर पलीकडचं कुणी सापडतच नाही. दुसऱ्यात तार जुळली, पण पत्ता मिळाला नाही. तिसऱ्यात बहुधा घरातलं सगळं ठीक असतं आणि घोटाळा राउटरच्या पलीकडे असतो. काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाकलं आणि 169.254 नं सुरू होणारा पत्ता दिसला की मला हायसं वाटतं. हा पत्ता राउटरनं दिलेला नसतो. लॅपटॉपनं ‘मला पत्ता द्या’ म्हणून हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, तेव्हा त्यानं स्वतःच एक घेऊन टाकला. त्यावर बाहेरच्या जगात जाता येत नाही, पण कार्ड जिवंत आहे एवढं तरी त्यावरून समजतं.

एका शाळेतल्या सरांचा लॅपटॉप घरी वायरवर चालेना, वायफायवर मात्र झकास. बघितलं तर शाळेच्या लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षेच्या वेळी कुणीतरी लॅन कार्डाला कायमचा पत्ता चिकटवून ठेवलेला. घरच्या राउटरची आळीच वेगळी, तर जुळणार कसं? ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’वर टिचकी मारली, झालं. सर म्हणाले, ‘एवढंच?’ या ‘एवढंच’वर मी शेवटी येणार आहे.

ड्रायव्हरची भानगड लोक समजतात तितकी वारंवार नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला तर ती असते. विंडोज अपडेटनंतर कधी असते. कधी वीज वाचवण्यासाठी कार्ड झोपी जाऊ द्यायची खूण असते, ती काढली की कार्ड जागं राहतं. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: ‘शट डाउन’ केलं म्हणजे सगळं नव्यानं सुरू होतं असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलतं. म्हणून ‘रीस्टार्ट’ करा. रोज रात्री बंद करून सकाळी चालू करणारा माणूस हे ऐकून चिडतो, पण रीस्टार्ट केल्यावर दिवा लागला की गप्प बसतो.

आता ज्या कामासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

नोव्हेंबरची अखेर होती. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे ज्वारी. काळ्या रानातल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर येणारी ही मालदांडी. तिच्या जोरावरच मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सरकारनं 2023 मध्ये एक रुपयात पीकविमा आणला होता, 2025 मध्ये तो बंद झाला. त्यात रब्बी ज्वारीची मुदत 30 नोव्हेंबर असायची. आपल्याकडे मुदत म्हणजे शेवटचे तीन-चार दिवस. त्याआधी कुणी फिरकत नाही आणि मग सगळा गाव एकदम सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक घेऊन ई-सेवा केंद्राच्या दारात.

दक्षिण भागातल्या एका गावातून केंद्र चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. ‘दादा, नवा लॅपटॉप केबल धरंना. जुन्यावर चालतंय पण त्याची बटणं मेल्यात, आकडे उमटत न्हाईत. बाहेर तीस-चाळीस माणूस बसलंय.’ वायफायचं विचारलं तर म्हणाल्या, ‘वायफायवर साईट मधेच बाहेर टाकतीया, परत लॉगिन, परत ओटीपी.’

गेलो. केंद्र म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. ओट्यावर माणसं, कुणी तंबाखू मळतंय, कुणी मोबाईलवर ओटीपीची वाट बघतंय. ताईंनी घडलेलं भडाभडा सांगितलं. नवा लॅपटॉप त्यांनी जिथून घेतला त्या दुकानात नेऊन दाखवला. तिथं केबल लावली, चालला. दुकानदार म्हणाला, मशीन ओके. मग फायबरवाल्याला बोलावलं. त्यानं तीच केबल जुन्या लॅपटॉपला लावली, चालला. तो म्हणाला, लाइन ओके. ‘दोघंबी म्हणत्यात आमचं बरोबर हाय. मग चुकतंय कुणाचं? माझं?’

दोघं खरं बोलत होते. लॅपटॉप चांगला, फायबरचा डबा चांगला, आणि केबल? तिच्यावर जुना लॅपटॉप सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत होता, म्हणजे तीही चांगली. तिन्ही निर्दोष आणि काम बंद.

मी पोर्टाकडे बघत बसलो. दिवा लागायचा, दोनेक सेकंद राहायचा, विझायचा. थोड्या वेळानं परत लागायचा. स्क्रीनवर ‘आयडेंटिफाइंग’, मग ‘अनप्लग्ड’, मग परत ‘आयडेंटिफाइंग’. ज्याला दिवाच लागत नाही अशी तार वेगळी आणि ही वेगळी. इथं दोघांची बोलणी होत होती, पण लग्न मोडत होतं. मी ताईंना विचारलं, ‘हा नवा लॅपटॉप या टेबलावर कधीच चालला नाही का?’

‘चालला की. दिवाळीत घेतला, तवापास्नं चालतच हुता.’

‘मग मधे काय बदललं?’

‘काईच न्हाई.’ मग जरा थांबून, ‘फायबरवाल्यानं डबा बदलला तेवढा. म्हणाला नवीन आलाय, स्पीड वाढंल.’

माणूस आधी ‘काईच न्हाई’ म्हणतो आणि मग ‘तेवढा’ म्हणून जे सांगतो, त्यातच सगळं असतं. हा अनुभव इतक्या वेळा आलाय की ‘काईच न्हाई’नंतर मी मुद्दाम बोलत नाही, थांबतो.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. हा पीळ शोभेचा नाही. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा खरखराट सारखाच बसतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता येतो. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं 1881 मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. संगणकाचं जाळं अशा पिळाच्या तारेवर आणणारं ‘टेन-बेस-टी’ हे मानक 1990 चं. त्याला आणि त्याच्यामागून आलेल्या शंभर एमबीच्या नेहमीच्या पद्धतीला दोनच जोड्या पुरतात, नारिंगी आणि हिरवी. जॅकमधल्या 1, 2, 3 आणि 6 नंबरच्या पिना. निळी आणि तपकिरी नुसत्या सोबतीला. 1999 मध्ये तांब्याच्या केबलवरचं गिगाबिट आलं आणि त्यानं चारही जोड्या कामाला लावल्या.

ताईंचा जुना लॅपटॉप शंभरवाला, जुना डबाही शंभरवाला. नवा लॅपटॉप गिगाबिटवाला. जुन्या डब्याशी त्याची बोलणी व्हायची तेव्हा डबा म्हणायचा, मला शंभरच जमतं. लॅपटॉप म्हणायचा, ठीक. नवा डबा आला, तोही गिगाबिटवाला. आता ही बोलणी सुरुवातीच्या दोन जोड्यांवरच होतात. त्या धड असल्यानं दोघांनी एकमेकांना सांगितलं की आपण हजारवर जाऊ. आणि चारही जोड्यांवर चढायला गेले तर एक जोडी जागेवरच नाही. पडले, उठले, परत बोलणी, परत हजार, परत पडले. काही कार्डं दोन-चारदा पडल्यावर शहाणी होतात आणि आपणहून शंभरवर उतरतात. मालकाला पत्ताही लागत नाही. हे कार्ड हट्टी होतं.

एवढं डोक्यात जुळलं, पण डोक्यात जुळलेलं गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, आधी तपासायचं. पिशवीतली माझी हातभर केबल काढली, लॅपटॉप उचलून दाराजवळच्या डब्यापाशी नेला, स्टुलावर चढून लावला. दिवा लागला तो लागूनच राहिला. ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, ‘झालं का?’ तिथं टेबल मांडायला जागा असती तर झालंच होतं म्हणायला हरकत नव्हती. मग मोठ्या केबलच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला. हा टेस्टर म्हणजे दोन डब्या, प्रत्येकीवर आठ दिवे. एक, दोन, तीन करत सहापर्यंत दिवे पलीकडे ओळीनं लागले. सात नाही, आठ नाही. तपकिरी जोडी.

केबल डब्यापासून भिंतीच्या भोकातून मागच्या खोलीत शिरत होती आणि तिथून वळसा घालून टेबलाच्या मागं निघत होती. मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. पूर्वी आमच्याकडे ज्वारी पेवात असायची, जमिनीखाली. आता पोत्यात, घरात. आणि ज्वारी आली की उंदीर आला. पोती सरकवली. भिंतीलगत करंगळीएवढ्या लांबीत केबलचं वरचं निळं कातडं सोलल्यासारखं गेलेलं, आत तपकिरी आणि पांढरी-तपकिरी अशा दोन्ही तारा तुटलेल्या, टोकं टोकदार. नारिंगी, हिरवी, निळी यांना दाताचा नुसता ओरखडा. उंदरानं हे कधी केलं कोण जाणे. जुन्या लॅपटॉपनं त्या जोडीकडे कधी बघितलंच नव्हतं, त्यामुळं ती असली काय, नसली काय, सारखंच.

त्या संध्याकाळी नवी केबल ओढायला वेळ नव्हता. कार्डाच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ आहे, तिथं ‘ऑटो’ काढून शंभर फुल डुप्लेक्स केलं. दिवा स्थिर. ताईंनी पुढचा आधार नंबर घ्यायला सुरुवातसुद्धा केली. हे करताना एक जपावं लागतं. एका बाजूनं गती ठोकून बसवली आणि दुसरी बाजू ऑटोवरच असली, तर काही कार्डांत पलीकडचा डबा गोंधळून हाफ डुप्लेक्स धरतो. मग साधं पान उघडतं, पण मोठी फाइल घातली की रडतखडत चालते. दोन-तीन पीडीएफ अपलोड करून बघितल्या, धडाधड गेल्या, तेव्हा निघालो. तरी ही कुबडी एका रात्रीपुरती. दुसऱ्या दिवशी नवी केबल छताच्या कडेनं केसिंग-पट्टीतून नेली. पोत्यांच्या वरून, उंदराला सहज पोचता येणार नाही अशी.

तिथल्याच एकानं केबलचा भाव ऐकून विचारलं, ‘बाजारात निम्म्यात मिळती की!’ मिळते. खिशातल्या पात्यानं तिच्या तारेवरचं तांबं खरवडून बघावं, आत पांढरं निघतं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. वाकवली की तुटते, आणि जॅक दाबताना आतल्या आत चिरते. लांब अंतराला तर नकोच. केबल चांगली असली तरी तिची हद्द शंभर मीटरची. गावातल्या डब्यापासून रानातल्या वस्तीवर केबल ओढा म्हणणारे भेटतात. त्यांना मी सरळ नाही म्हणतो, मग ते दुसऱ्याकडून ओढून घेतात आणि पावसाळ्यात माझ्याकडे येतात.

पावसावरून आठवलं. एप्रिल-मे महिन्यात वळीव झाला की दुसऱ्या दिवशी मला कुठली कामं येणार हे आधीच माहीत असतं. गावांत अजूनही काही ठिकाणी नेटची तांब्याची केबल गच्चीवरून गच्चीवर, पत्र्यावरून खांबावर गेलेली असते. वीज प्रत्यक्ष पडावी लागत नाही, जवळ पडली तरी त्या लांबलचक तारेत झटका उमटतो. पोर्टाच्या आत बारीक ट्रान्सफॉर्मर असतात, ते साधारण दीड हजार व्होल्टपर्यंत अडवतात. विजेपुढं ते काहीच नाही. अशा लॅपटॉपचं बाकी सगळं धड असतं. चालू होतो, गाणी वाजतात. फक्त लॅनचा दिवा मेलेला आणि कधी कधी डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचं नावच गायब. फायबरची काच वीज वाहत नाही, त्यामुळं फायबर घरापर्यंत आलंय तिथं हे खूप कमी झालंय. पण डब्यापासून लॅपटॉपपर्यंतचा शेवटचा तुकडा तांब्याचाच आणि डब्याचं अडॅप्टर बोर्डातच. ढग आले की दोन्ही काढून ठेवा, असं सांगून थकलो.

मेलेलं पोर्ट मदरबोर्डवर बदलता येतं, पण खर्चाला परवडत नाही. यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर घ्या, असं मी सांगतो. आणि तिथून पुढची गंमत सुरू होते. मरवड्याकडच्या एका तरुणानं अडॅप्टर घेतलं, लावलं, दिवा लागला, पत्ताही मिळाला, नेट मात्र नाही. ड्रायव्हर दोनदा टाकला, विंडोजसुद्धा नव्यानं टाकायला निघाला होता. त्याची लाइन थेट केबलवाल्याकडून येत होती, मधे राउटर नाही. असे काही पुरवठादार गिऱ्हाइकाच्या कार्डाचा बारा अक्षरांचा मॅक पत्ता आपल्याकडे नोंदवून ठेवतात आणि त्यालाच आत सोडतात. मॅक कार्डाचा असतो, लॅपटॉपचा नाही. कार्ड बदललं की त्यांच्या दृष्टीनं माणूसच बदलला. फोनवरचा पोरगा म्हणत होता, ‘तुमच्या नावावर दुसरं मशीन दिसतंय.’ हा ओरडत होता, ‘आरं मशीन तेच हाय!’ दोघंही आपापल्या जागी बरोबर, ताईंच्या केंद्रासारखंच. अडॅप्टरच्या पाठीवर छापलेला आकडा मी वाचून दाखवला, त्यानं नोंद बदलली, नेट आलं. तेव्हापासून अडॅप्टर विकतानाच मॅक कागदावर लिहून देतो आणि सांगतो, दिवा लागूनही नेट नाही आलं तर आधी हा आकडा केबलवाल्याला सांगा, मग मला फोन करा.

आता ते ‘एवढंच’. आमच्या धंद्यात वस्तू बदलली की पैसे मिळतात, शोधून काढलं की मिळत नाहीत. ताईंच्या केंद्रात केबलचे, जॅकचे, पट्टीचे पैसे कुणी विचारलेसुद्धा नाहीत, लगेच दिले. आदल्या संध्याकाळी स्टुलावर चढून, पोती सरकवून, टेस्टर लावून जे केलं त्याचे ‘व्हिजिट’ म्हणून लिहिले, तर ताईंचे सासरे बिल हातात घेऊन म्हणाले, ‘ह्ये काय? बघायचं पण पैसं?’ ताई आतून म्हणाल्या, ‘आवो मामा, बघितलं म्हणून तर कळलं की.’ त्यांनी चष्मा सारखा केला, परत एकदा सगळं बिल वरून खाली वाचलं आणि व्हिजिटमधले पन्नास कमी करून घेतले. मीही दिले कमी करून. दारात अजून माणसं होती आणि मला पुढं आंधळगावला एका दवाखान्यात जायचं होतं. तिथं प्रिंटर वायरवर दिसत नव्हता.